चौथीच्या वर्गातले नियोजन

दिवाळीची सुट्टी संपली की शहरांतल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक ठराविक गर्दी दिसू लागते. दिल्ली असो, भोपाळ असो की हैदराबाद, आई किंवा वडील मुलाला घेऊन येतात आणि दुकानदाराकडे नष्ट होत चाललेल्या प्राण्यांचा चार्ट मागतात. दुकानदार न बघताच हात मागे नेऊन वाघ, सिंह, गेंडा, हिमबिबट्या यांच्या रंगीत चित्रांचा तयार तक्ता काढून देतो. घरी आल्यावर चित्रे कापायची, कार्डशीटवर चिकटवायची, वर ठळक अक्षरांत 'प्राणी वाचवा, पृथ्वी वाचवा' असे लिहायचे (अक्षर बहुधा आईचे असते) आणि सोमवारी शाळेत नेऊन द्यायचे. गुण मिळतात, चार्ट आठवडाभर भिंतीवर राहतो आणि मग रद्दीत जातो. या संपूर्ण व्यवहारात मुलाला एकही प्रश्न पडलेला नसतो.

वस्तुतः कागदोपत्री आपण याच्या अगदी उलट धोरण स्वीकारलेले आहे. पर्यावरण हा विषय शाळांत अनिवार्यपणे शिकवला जावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाने स्वतः पाहून, विचारून, ताडून शिकावे हे तत्त्व मान्य केले आणि त्यानुसार एनसीईआरटीने तिसरी ते पाचवीसाठी 'आस-पास' ही पाठ्यपुस्तके काढली. ती पुस्तके खरोखरच चांगली होती. आजीला विचारा, मोजून पाहा, शेजाऱ्याच्या उत्तराशी तुलना करा, असे त्यांत पानोपानी होते. २०२० च्या शिक्षण धोरणानंतर आलेल्या नव्या पुस्तकांनीही तीच दिशा ठेवली आहे. तरी भिंतीवर चार्टच का लागतो?

याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. शोध घेत शिकणे वेळखाऊ असते, प्रत्येक मुलाचे उत्तर वेगळे येते आणि त्याला गुण कसे द्यावेत हे शिक्षकाला कोणी सांगितलेले नसते. परंतु माझ्या मते दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जेथे प्रश्न विचारण्यापर्यंत मजल जाते, तेथेही ती पुढच्या पायरीपाशी थांबते. प्राणी का कमी झाला हे मुलांना कळते, त्यांना वाईट वाटते, आणि मग 'आता काय करायचे?' या प्रश्नाला उत्तर म्हणून घोषणा दिली जाते. वास्तविक नियोजन सुरू होते ते याच प्रश्नापासून. आपल्याला नेमके काय हवे आहे, आपल्यापाशी काय आहे, कोणी कोणते काम आधी करायचे आणि ते साधले की नाही हे कशावरून ओळखायचे, एवढा विचार आठ-नऊ वर्षांचे मूल निश्चित करू शकते. मात्र त्यासाठी प्राण्याची निवड विचारपूर्वक व्हायला हवी.

वाघ यासाठी फारसा उपयोगी नाही, हे मी व्याघ्रप्रेमींची क्षमा मागून म्हणतो. तो बहुसंख्य मुलांना चित्रातच भेटतो, त्याची योजना १९७३ सालीच दिल्लीत ठरली आणि तिच्यात चौथीतल्या मुलाला टाळ्या वाजवण्याखेरीज काम नाही. मी सुचवेन तो प्राणी कोणत्याही चार्टवर नसतो, कारण तो दिसायला गोजिरवाणा नाही. तो म्हणजे गिधाड.

१९८०च्या दशकात आपल्या देशात सर्व जातींची मिळून सुमारे चार कोटी गिधाडे होती असा अंदाज सांगितला जातो. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की काही वेळात आभाळात ठिपके दिसू लागत आणि पाहता पाहता नुसता सांगाडा उरे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारात एक उरले. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास होती. या तिन्ही जाती २००० सालापासून अतिसंकटग्रस्त मानल्या जातात. एवढ्या वेगाने एवढा विपुल पक्षी नाहीसा होण्याची उदाहरणे जगातही विरळाच.

मला या कथेचा शैक्षणिक उपयोग दिसतो तो तिच्या तपासामुळे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. दशकभराने तेथेच पुन्हा मोजणी केली तेव्हा घट लक्षात आली. पहिली मोजणी नसती तर दुसरीला अर्थ राहिला नसता, ही गोष्ट कोणत्याही मुलाला समजते आणि दुर्दैवाने अनेक खात्यांना समजत नाही. झाडावर माना टाकून बसलेली गिधाडे पाहून आधी एखाद्या साथीचा संशय घेतला गेला. कीटकनाशकांचाही संशय होता. दोन्ही तर्क तपासले गेले आणि बाद झाले. अखेर पाकिस्तानच्या पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने २००४ साली दाखवून दिले की कारण आहे डायक्लोफिनॅक, म्हणजे जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे एक स्वस्त औषध. औषध दिलेले जनावर लवकरच मेले तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि ते काही दिवसांत मरते. शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावरात हे औषध असले तरी गिधाडांचा एवढा नाश होऊ शकतो, असे गणित पुढे मांडले गेले. ते कसे हे चौथीच्या वर्गात चिंचोक्यांनी दाखवता येते. एका जनावरावर कितीतरी गिधाडे उतरतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, एवढे सांगितले की उरलेला हिशेब मुले स्वतः करतात.

या कथेत दुष्ट मनुष्य कोणीच नाही, हेही मला मोलाचे वाटते. शेतकऱ्याला आपल्या म्हशीचे दुखणे थांबवायचे होते, डॉक्टरला ती बरी करायची होती, कारखान्याला औषध विकायचे होते. यांपैकी कोणाच्याही हिशेबात गिधाड नव्हते, इतकेच. अर्थशास्त्रात आम्ही याला बाह्य परिणाम म्हणतो आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांना तो आलेख काढून समजावतो. नऊ वर्षांच्या मुलाला आलेखाची गरज पडत नाही.

आता परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकांशी थेट संबंध असलेला मुद्दा. या तपासाचे साक्षीदार आपल्या घरात आहेत. ज्यांनी १९९०च्या आधी गावाच्या वेशीबाहेर गिधाडांचे थवे पाहिले, ते आज पन्नाशी ओलांडलेले आहेत. ज्यांनी ते जाणत्या वयात रोज पाहिले, ते सत्तरीच्या पुढे आहेत. माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर हे घडले आणि तरी आमच्यापैकी फार थोड्यांना ते नेमके कधी घडले हे सांगता येईल. आणखी पंधरा-वीस वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही. मग गिधाड मराठीत केवळ शिवी म्हणून राहील. आजच तशी अवस्था आहे. मालमत्तेवर गिधाडासारखे तुटून पडणारे नातेवाईक मुलांना माहीत असतात, पक्षी माहीत नसतो. (ज्या जटायूची गोष्ट आपण त्यांना सांगतो तो याच कुळातला, याचाही कोणाला पत्ता नसतो.) चंदीगडला किंवा बंगळुरूला वाढणाऱ्या मुलाने साताऱ्याच्या किंवा वाशीमच्या आजोबांना फोन करून विचारणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि त्या निमित्ताने आजोबांशी मराठीत बोलावे लागते, हा वरचा नफा.

मात्र हे विचारताना एक अवघड जागा येते, ती टाळू नये. मेलेले जनावर गावाबाहेर कोण ओढून नेत असे, असे मूल विचारणारच. त्याचे उत्तर जातीत आहे. १९२७च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांच्या मांसाचा त्याग करण्याचा आग्रह धरला आणि पुढे ते लादलेले कामच अनेक गावांत नाकारले गेले. गिधाडे होती तेव्हाची गावे सुंदर होती, असे चित्र मुलांपुढे उभे करणे म्हणूनच खोटेपणाचे ठरेल. काही शिक्षक या प्रश्नाला बगल देतात. माझे मत असे की जे मूल औषध आणि मूत्रपिंड समजू शकते, ते हेही समजू शकते.

काही वर्षांपूर्वी एका योजनेच्या पाहणीसाठी हरियाणात शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत दिवसभर थांबण्याचा योग आला. जवळच पिंजौरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्याचे वनखाते यांचे गिधाड प्रजनन केंद्र आहे. त्यामुळे तेथील मुलांना गिधाड हे नाव तरी अपरिचित नव्हते. चौथी-पाचवीच्या एकत्र वर्गाने 'आमची योजना' नावाचा एक कागद केला होता आणि बाईंनी त्याच्या जुन्या प्रतीही जपून ठेवल्या होत्या. पहिल्या प्रतीत एकच वाक्य होते: पिंजौरहून दहा गिधाडे बसने आणायची. खाली बसचे चित्र होते, खिडक्यांतून गिधाडे डोकावत होती. बाईंनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी विचारले, ती येथे खातील काय? मेलेली जनावरे, असे मुले म्हणाली. ती कोठे आहेत? हे कोणालाच माहीत नव्हते. दोन दिवसांनी उत्तर आले की आता कोणी ती उघड्यावर टाकत नाही, काही पुरली जातात, काही ठेकेदाराची गाडी नेते. आणि त्या जनावरांना मरण्याआधी कोणते औषध दिलेले असते? पुन्हा कोणालाच माहीत नव्हते.

तिसऱ्या प्रतीत बस नाहीशी झाली होती. तिच्या जागी एक तक्ता होता, त्यात घराचा क्रमांक, म्हशी किती, गेल्या वर्षात आजारी किती, सुई कोणी दिली आणि औषधाचे नाव असे रकाने. सुया आणि बाटल्यांना हात लावायचा नाही, नाव फक्त वाचून उतरवायचे, अशी बाईंची सक्त ताकीद होती. एकेचाळीस घरांची नावे मुलांनी लिहून आणली. औषधांच्या नावांचे स्पेलिंग घराघरात वेगळे होते. पुष्कळ ठिकाणी मेलॉक्सिकॅम होते, म्हणजे गिधाडांना निर्धोक ठरलेला पर्याय. पाच-सहा घरांत वेगळीच नावे होती आणि त्यांचे काय करायचे हे बाईंना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. त्या मुलांसमोर मोकळेपणी म्हणाल्या, "मला माहीत नाही, आपण विचारू." मग पशुवैद्यकीय कार्यालयाला पत्र गेले: सोबतच्या यादीतील कोणती औषधे गिधाडांना घातक आहेत, कृपया कळवावे.

उत्तर दोन महिन्यांनी आले. दोन ओळींत लिहिले होते की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवले तेव्हा एका मुलीने विचारले, "नोंद कोठे घेतली?" तीस वर्षांच्या नोकरीत मी अशी हजारो पत्रे पाहिली आहेत. हा प्रश्न एखाद्या बैठकीत कोणी विचारलेला मला आठवत नाही.

त्या यादीत एक नाव किटोप्रोफेन होते. हे औषधही गिधाडांना मारते, हे २०१० पर्यंत शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले होते. बांगलादेशाने त्यावर २०२१ साली बंदी घातली. आपल्याकडे जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांच्यावर बंदी आली ती २०२३ साली. डायक्लोफिनॅकच्या बाबतीत आपण झपाट्याने हललो होतो. २००४ साली शोध लागला आणि २००६ साली पशुवापरावर बंदी आली, ही गती आपल्या शासनव्यवस्थेत अभिमानाने सांगावी अशी आहे. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या आणि त्या तीन मिलिलिटरच्या एकेरी मात्रेपुरत्या मर्यादित करायला २०१५ उजाडले. पुढच्या दोन औषधांना तर तेरा वर्षे लागली. या तेरा वर्षांत ज्ञानाची उणीव नव्हती. गिधाडांसाठी २०२० ते २०२५ची राष्ट्रीय कृती योजनाही मंत्रालयाने प्रसिद्ध केली होती. उणीव होती ती कोणत्या खात्याने आधी हलायचे हे ठरण्याची, कारण पक्षी एका मंत्रालयाकडे, जनावरे दुसऱ्याकडे आणि औषधे तिसऱ्याकडे. शाळेतला चार्ट जेथे थांबतो, तेथेच आम्हीही थांबलो होतो.

या विलंबाची किंमतही आता कोणीतरी मोजली आहे. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात वर्षाला सरासरी एक लाख अधिक माणसे दगावली. सडणारे मांस, दूषित पाणी आणि भटक्या कुत्र्यांची वाढ ही त्यांनी सांगितलेली कारणे. पद्धतीवर अर्थशास्त्रज्ञ वाद घालतील, तो आमचा धंदाच आहे. पण तो आकडा निम्मा केला तरी, फुकटात सफाई करणाऱ्या एका पक्ष्याचे मोल कोणत्याही अंदाजपत्रकात कधी धरलेले नव्हते, ही गोष्ट उरतेच.

आक्षेप पुष्कळ आहेत. एक असा की २०२१ च्या निपुण भारत अभियानानंतर प्राथमिक शाळांपुढे वाचन आणि अंकज्ञान हे मुख्य काम आहे, त्यात ही भर कशाला. मी त्या एकेचाळीस घरांच्या तक्त्याकडे पाहून इतकेच म्हणेन की त्या मुलांनी त्या महिन्यात जेवढे वाचले, लिहिले आणि मोजले तेवढे कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेने करून घेतले नसते. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. दोन वर्ग एकत्र, वर निवडणुकीची कामे, वर पोषण आहाराचे हिशेब. अशा शिक्षकाला 'मला माहीत नाही' म्हणण्याची मुभा आणि सवड वरून मिळाली पाहिजे, आणि ती आदेशाने हिरावलीही जाऊ शकते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आता नर्मदापुरम्) जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम तीस वर्षे चालला. मुले प्रयोग करीत, बेडकाची अंडी शोधीत, पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देत. शेकडो शाळांत पोहोचलेला तो कार्यक्रम २००२ साली राज्यशासनाच्या एका निर्णयाने बंद झाला. धोरणाच्या दस्तऐवजात पुढे २००५ साली जे लिहिले गेले, त्याचे चालते उदाहरण आपण तीन वर्षे आधीच मोडून ठेवले होते.

तिसरा आक्षेप मला पटत नाही. मुलांच्या असल्या योजना म्हणजे खेळ असतो, प्रशासनाने त्यात कशाला पडावे, असे एका सहकाऱ्याने मला विचारले. त्या वर्गाने विचारलेली माहिती म्हणजे स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्षभरात कोणती वेदनाशामके खरेदी झाली, एवढीच होती. ती दप्तरात असतेच. प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याने वर्षातून एकदा त्या खरेदीचे एक पान जवळच्या शाळांना पाठवावे, आणि वर्षातून एक तास तेथील डॉक्टरने वर्गात जावे, असे मी सुचवतो. यास वेगळे लेखाशीर्ष लागत नाही. शाळेने पाठवलेल्या पत्राला मुलांना वाचता येईल अशा भाषेत उत्तर द्यावे, आणि उत्तर 'माहीत नाही' असे असेल तर तसे लिहावे, यासाठी परिपत्रक काढावे लागेल, ते काढावे. औषधांवर बंदी दिल्लीत होते, पण ती पाळली जाते की नाही हे गोठ्यातच कळते, आणि गोठ्यापर्यंत विनामूल्य जाणारी दुसरी यंत्रणा मला ठाऊक नाही.

गिधाडे परत येऊ शकतात, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. पिंजौरला वाढवलेली आठ पांढऱ्या पाठीची गिधाडे २०२० च्या ऑक्टोबरात आभाळात सोडली गेली. मध्य प्रदेशात २०२४च्या गणनेत सर्व जातींची मिळून दहा हजारांहून अधिक गिधाडे मोजली गेली. बिकानेरजवळच्या जोड़बीडला मृत जनावरे टाकण्याच्या जागी आजही हिवाळ्यात परदेशी गिधाडांची गर्दी होते. राजस्थानात नोकरीनिमित्त असलेल्या मराठी कुटुंबांनी मुलांना किल्ल्यांबरोबर तेही दाखवावे. वास सहन करावा लागतो, हे आधी सांगून ठेवतो.

आणि पुढच्या सुट्टीत जे गावी जातील त्यांनी मुलांच्या हाती एक वही द्यावी. गावात गिधाडे कोणत्या झाडावर बसत, मेलेले जनावर कोठे टाकले जाई, कोण नेई, आता काय होते, गोठ्यात आज कोणते औषध आहे, आणि गिधाड शेवटचे कधी दिसले. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक म्हातारी माणसे 'लई वर्सं झाली' असे उत्तर देतात. तेव्हा साल विचारत बसू नये. घरातल्या कोणत्या लग्नाच्या आधी की नंतर, असे विचारावे, म्हणजे साल आपोआप निघते.